गोचीड कुत्र्यावर कमी, घरात जास्त

कुत्र्याच्या कानामागे गोचीड सापडतो. तो उपटायचा, कुत्र्याला औषधी साबणाने आंघोळ घालायची, की काम झालं असं वाटतं. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. औषध बनावट होतं असं नाही. मुंबईत कुत्र्यांवर सर्रास आढळणारा तपकिरी गोचीड आयुष्यातला बहुतेक काळ कुत्र्यावर नसतोच, तो तुमच्या भिंतींत असतो.

अंड्यातून निघालेलं पिल्लू सहा पायांचं आणि टाचणीच्या टोकाएवढं असतं. ते कुत्र्यावर चढतं, काही दिवस रक्त पितं, खाली पडतं आणि एखाद्या फटीत कात टाकतं. आता त्याला आठ पाय असतात. पुन्हा चढायचं, प्यायचं, पडायचं, कात टाकायची. तिसऱ्यांदा चढतो तो पूर्ण वाढलेला गोचीड. मादी आठवडाभर पिऊन टरारून फुगते, एरंडाच्या बीसारखी राखाडी-निळसर दिसते आणि एक दिवस गळून पडते. मग ती भिंत चढते. होय, वरच चढते. म्हणून तिची अंडी जमिनीपेक्षा दाराच्या चौकटीवर, पडद्याच्या पट्टीमागे, फोटो फ्रेमच्या पाठीशी सापडतात. तपकिरी, चकचकीत, खसखशीच्या ढिगासारखी आणि एका वेळी हजारांनी. इतर बऱ्याच गोचिडांना गवत आणि ओल लागते. याला सातव्या मजल्यावरचा वन बीएचके पुरतो, आणि पूर्ण वाढलेला गोचीड उपाशीपोटी कित्येक महिने काढू शकतो.

चिकटलेला गोचीड काढायला बारीक टोकाचा चिमटा घ्या. केस बाजूला सारा, गोचीड पोटाला न धरता अगदी कातडीलगत तोंडाशी धरा आणि एकसारखा जोर लावून सरळ वर ओढा. हिसका नको, पिरगाळणं नको. रॉकेल, काडीचा चटका, व्हॅसलीन हे काहीच करू नका. डिवचलेला गोचीड जखमेत जास्त लाळ सोडू शकतो, आणि रोगजंतू लाळेतूनच येतात. तोंडाचा तुकडा आत राहिला तर सुईने कोरत बसू नका, तो आपोआप बाहेर पडतो. जागा साबणाने धुऊन पोव्हिडोन आयोडीन लावा. काढलेला गोचीड स्पिरिटच्या बाटलीत टाका. चिरडलं की अंडी पसरतात अशी समजूत आहे, ती चुकीची आहे. चिरडू नये हे मात्र खरं, कारण त्यातलं रक्त बोटाच्या चिरेतून किंवा डोळ्यातून आपल्या अंगात जाऊ शकतं. रोज हात फिरवून बघायच्या जागा म्हणजे कानाच्या आत, पट्ट्याखाली, काखा, बोटांच्या बेचक्या आणि शेपटीखाली.

आता घर. रात्री टॉर्च घेऊन कुत्र्याच्या झोपायच्या जागेपासून सुरुवात करा. स्कर्टिंगच्या फटी, स्विचबोर्डची कड, खिडकीचं चॅनल, सोफ्याची खालची बाजू, सगळं व्हॅक्यूमने ओढा आणि पिशवी लगेच गाठ मारून घराबाहेर काढा. फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवा. कुत्र्याची अंथरुणं दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवा. पेस्ट कंट्रोलवाल्याला ‘गोचिडासाठी’ असं स्पष्ट सांगा, झुरळांची जेल इथे निरुपयोगी आहे. अंड्यांवर फवाऱ्याचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून दोन ते तीन आठवड्यांनी दुसरा फवारा हवाच. लोक नेमका इथेच कंटाळा करतात. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन आणि अमिट्राझ ही दोन्ही कीटकनाशकं टाळा, मांजरांना ती विषारी आहेत.

त्याच वेळी कुत्र्यावरचं औषध चालू हवं. महिनाभर किंवा त्याहून जास्त टिकणारी चावायची गोळी, नाहीतर मानेवर टाकायचे थेंब. मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे वजन करून डॉक्टरांकडूनच घ्या, आणि कुत्र्याला फिट येत असतील तर आधी सांगा. थेंबांच्या आधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको. गोळी घेतलेल्या कुत्र्याला गोचीड चावतो आणि मग मरतो, म्हणून अंगावर एखादा दिसला तर घाबरू नका. घर साफ व्हायला किमान तीन-चार महिने धरा. मुंबईत गोचिडाला मारेल अशी थंडी पडत नाही, म्हणून पुढे गोळी वर्षभर चालू ठेवावी असं आमचं ठाम मत आहे. जिन्याखाली झोपणाऱ्या सोसायटीच्या कुत्र्यांनाही ती द्या, नाहीतर गोचीड तिथून पुन्हा घरात येतील.

‘टिक फिव्हर’, म्हणजे गोचीड चावल्याने कुत्र्याला येणारा ताप, हा एकच आजार नाही. तो एर्लिचिया आणि बबेसिया अशा वेगवेगळ्या जंतूंनी होतो. गोचीड चिकटल्यावर एर्लिचिया काही तासांतच कुत्र्याच्या अंगात जाऊ शकतो, तर बबेसियाला साधारण दोन-तीन दिवस लागतात. रोज तपासण्याचा फायदा इथे आहे. ताप, जेवण सोडणं, पांढरट हिरड्या, नाकातून रक्त, कोऱ्या चहासारखी लघवी, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा. प्लेटलेट्स मोजायला सांगा आणि स्लाइडवर बबेसिया निघाला तर जात कोणती ते विचारा, कारण दोन जातींची औषधं वेगळी आहेत. एर्लिचियासाठी डॉक्सिसायक्लिन साधारण 28 दिवस द्यावं लागतं. चौथ्या दिवशी कुत्रा शेपूट हलवत जेवायला लागतो आणि गोळ्या थांबतात. मग तोच आजार काही महिन्यांनी अस्थिमज्जेवर हल्ला करून परततो. गोळी जेवणानंतर द्या आणि वरून पाणी पाजा, कोरडी गोळी घशात अडकून जखम करते.

माणसाला हा गोचीड क्वचित चावतो, उकाड्यात जरा जास्त. पण चावल्यावर दोन आठवड्यांत ताप, डोकेदुखी आणि तळहात-तळपायांपर्यंत पुरळ आलं तर डॉक्टरांना गोचिडाचं आवर्जून सांगा. हा रिकेट्सिया या गोचिडातून येणाऱ्या जंतूचा ताप असू शकतो, आणि त्याच्यावरही डॉक्सिसायक्लिनच चालतं. येऊर किंवा आरेच्या गवतात फिरताना पँट मोज्यात खोचा.

मे महिन्यात सिंधुदुर्गात गावी जाणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. माकडताप हा गोचिडातून माणसाला होणारा विषाणूचा ताप 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात ओळखला गेला आणि 2016 मध्ये दोडामार्ग भागात त्याची साथ आली. तो पसरवणारा गोचीड जंगलातला आहे, घरातला नव्हे, आणि त्याचा हंगाम हिवाळ्यापासून मेपर्यंत असतो. काजूच्या बागेत मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. मुंबईत परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना गावाचं नाव सांगा.