बर्फाळ धावपट्टीवरून पहिले उड्डाण: नागपूरहून निघण्याआधीची तयारी

नागपुरात उड्डाण शिकलेल्या सहवैमानिकाची सगळी सावधगिरी उन्हाळ्याभोवती घडलेली असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की हवा विरळ होते, इंजिनाचा जोर कमी पडतो आणि सोनेगावची ३,२०० मीटरची धावपट्टी समोर असूनही वजनाचा हिशेब दोनदा करावा लागतो. त्यामुळे थंडी म्हणजे सोय, असा समज अंगात मुरतो. श्रीनगर, लेह किंवा युरोपच्या हिवाळी ड्यूटीवर जाताना तो इथेच ठेवून जावा. थंड हवेत इंजिन जोमाने चालते हे खरेच, पण गोठलेल्या धावपट्टीवर उडण्यापेक्षा थांबण्याची चिंता मोठी असते आणि पंखावर बर्फ असेल तर उडण्याचीही शाश्वती उरत नाही.

सामानात लोकरीचे हातमोजे सगळेच घेतात. चांगला टॉर्चही आठवणीने घ्यावा. आपल्या विमानाच्या मॅन्युअलमधील थंड हवामानाचे प्रकरण घरीच वाचून व्हावे, कारण तिथे पोहोचल्यावर ते वाचायला सवड मिळत नाही. यादीतल्या प्रत्येक बाबीपुढे मी स्वतः एक प्रश्न लिहून ठेवतो: ही माहिती किती वाजताची?

हा प्रश्न सर्वांत आधी धावपट्टीच्या अहवालाला विचारावा. ४ नोव्हेंबर २०२१ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार धावपट्टीचे तीन भाग करून प्रत्येकाला ६ ते ० असा अंक दिला जातो. ६ म्हणजे कोरडी, ५ म्हणजे ओली, १ म्हणजे बर्फ आणि ० म्हणजे ओला, निसरडा बर्फ. स्नोटॅममध्ये, म्हणजे वैमानिकांना मिळणाऱ्या धावपट्टीवरच्या बर्फाच्या सूचनेत, हे अंक धावपट्टीच्या लहान क्रमांकाच्या टोकापासून लिहितात. नागपूरच्या १४-३२ धावपट्टीसाठी असा अहवाल कधी निघालाच, तर तो १४ कडून लिहिला जाईल आणि ३२ वरून उडणाऱ्याला उलटा वाचावा लागेल. ५/५/२ मधला २ आपल्या धावेच्या सुरुवातीला आहे की शेवटी, यावर बरेच अवलंबून असते, कारण उड्डाण सोडून द्यायची वेळ आली तर ब्रेक त्या शेवटच्या तुकड्यावरच लागणार असतात. स्नोटॅम जास्तीत जास्त आठ तास वैध असतो, पण बर्फ पडत असताना अर्ध्या तासापूर्वीचा अहवालही शिळा धरावा.

आकडेमोड करताना उष्ण हवामानातली एक सवय मोडावी लागते. इंजिन जपण्यासाठी जास्त तापमान गृहीत धरून जोर कमी ठेवण्याची रोजची पद्धत बर्फ, स्लश किंवा साचलेले पाणी असलेल्या धावपट्टीवर वापरायची नसते. व्ही-वन हा निर्णयवेग, म्हणजे ज्याच्यापुढे उड्डाण सोडून देता येत नाही तो वेग, खाली आणावा लागतो आणि आडव्या वाऱ्याची मर्यादाही कमी होते. स्लश म्हणजे अर्धवट वितळलेला, चिखलासारखा बर्फ. तो चाकांना मागे ओढतो. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिकला ११७ नॉटपर्यंत गेलेला विमानाचा वेग अशाच स्लशमुळे १०५ पर्यंत घसरला, धावपट्टी संपली आणि २३ जण दगावले.

विमानाभोवतीच्या फेरीत मात्र घाई अजिबात करू नये. जानेवारीत पहाटे नागपुरात स्कूटरच्या सीटवर दंव पडलेले असते, तेवढाच थर पंखावर गोठला की गुळगुळीत पृष्ठभाग पॉलिशपेपरसारखा खरखरीत होतो, आणि एवढ्याशा खरखरीतपणामुळे पंखाची विमान वर उचलणारी ताकद, म्हणजे उचल, ३० टक्क्यांपर्यंत घटू शकते. पारदर्शक बर्फ तर दिसतही नाही, पंख नुसता ओला वाटतो. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी टॉर्च मारून ‘पंख ओला आहे’ असे सांगितले, तेव्हा कॅप्टननी मला शिडीवर चढवून हातमोजा काढून हात लावायला लावला. बोटांखाली काचेसारखा गुळगुळीत थर लागला. उंचावरून आलेल्या विमानाच्या टाक्यांतले इंधन शून्याखाली गेलेले असते, त्यामुळे बाहेरचे तापमान शून्याच्या वर असतानाही असा थर धरू शकतो. २७ डिसेंबर १९९१ रोजी स्टॉकहोमहून निघालेल्या विमानाच्या पंखांवरचा असाच बर्फ सुटून मागच्या दोन्ही इंजिनांत गेला आणि ती बंद पडली. विमानातले सगळे १२९ जण वाचले, हे नशीबच.

डी-आयसिंगच्या वेळी, म्हणजे उड्डाणाआधी विमानावर द्रव फवारून बर्फ काढताना, नारिंगी रंगाचे गरम द्रव जमलेला बर्फ काढते, तर हिरवे, दाट द्रव नवा बर्फ काही काळ धरू देत नाही. हा काळ शेवटचा थर मारायला सुरुवात झाल्यापासून मोजतात, संपल्यापासून नव्हे. ती वेळ कागदावर लिहून समोर लावावी. घड्याळ सहवैमानिकाने सांभाळावे.

टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवरून चालवत नेताना, वळणावर वेग अगदी कमी ठेवावा. स्लश उडून फ्लॅप्सवर, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या, उड्डाणासाठी खाली काढायच्या झडपांवर, गोठू नये म्हणून ते उशिरा काढतात, पण त्यामुळे चेकलिस्टचा नेहमीचा क्रम मोडतो आणि फ्लॅप्सच राहून जाण्याची भीती असते. यासाठी डोळ्यांसमोर खूण ठेवावी.

तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि धुके किंवा धावपट्टीवर पाणी असेल, तर इंजिनाचे अँटी-आयसिंग, म्हणजे त्यावर बर्फ धरू न देणारी यंत्रणा, चालू हवे. डिसेंबरच्या धुक्यात हा नियम नागपुरातही लागू होतो, त्यामुळे सवय इथूनच लावता येते. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनहून निघालेल्या बोइंग ७३७ मध्ये ते बंद होते. सेन्सर गोठल्याने मीटर इंजिनाच्या दाबाचे गुणोत्तर (त्यावरून जोर कळतो) २.०४ दाखवत होता, प्रत्यक्षात ते १.७० च्या आसपास होते. डी-आयसिंग होऊन ४९ मिनिटे उलटली होती आणि त्या चमूला बर्फातल्या उड्डाणाचा अनुभव फार थोडा होता. सहवैमानिकाने शंका बोलून दाखवली, तरी उड्डाण थांबले नाही. विमान एका पुलावर आदळले; पूल आणि विमान मिळून ७८ जण गेले.

म्हणून जोर लावल्यावर एका मीटरवर विसंबू न राहता एन-वन (इंजिनाच्या पुढच्या पंख्याचा फिरण्याचा वेग) आणि इतर मीटर एकमेकांशी ताडून पाहावेत, आणि ते व्ही-वनच्या पुष्कळ आधी. उरते ती बोलण्याची तयारी. ‘सर, वेळ संपली, परत डी-आयसिंग करून घेऊ’ आणि ‘सर, मीटर जुळत नाहीत, थांबा’ ही दोन वाक्ये निघण्यापूर्वी घरच्या खोलीत मोठ्याने चार-पाच वेळा म्हणून पाहावीत; पहिल्यांदा म्हणताना आवाज किती दबतो ते लगेच कळते.