गजकर्ण समजून मलम चोळण्याआधी: पिटिरायसिस रोझिया

पिटिरायसिस रोझिया म्हणजे आपोआप बरं होणारं त्वचेवरचं पुरळ. त्यात छातीवर किंवा पाठीवर आधी एकच लंबगोल चट्टा उठतो, २ ते १० सेंटिमीटरचा. गोऱ्या त्वचेवर गुलाबी, सावळ्या त्वचेवर तपकिरी-जांभळट. हमखास गजकर्ण वाटतो आणि दुकानातून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणलं जातं. ते नकोच. खरंच गजकर्ण असेल तर स्टेरॉइडने तो दबतो, मग जास्त पसरतो.

भिंगातून कडा बघा. पिटिरायसिसमध्ये पातळ कोंडा कडेच्या किंचित आत गोल सुटलेला असतो, त्याचं मोकळं टोक मध्याकडे. एक-दोन आठवड्यांत धडावर लहान चट्टे येतात, पाठीवर बरगड्यांच्या दिशेने तिरके उतरतात. शंका उरली तर कोंडा खरवडून केओएच तपासणी (सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधण्याची) करून घ्यावी; गजकर्णाची बुरशी असेल तर बहुधा दिसते.

मी हेच केलं आणि खाज आटोक्यात राहिली: कोमट पाण्याने थोडक्यात अंघोळ, अंग ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर, खाजेच्या जागी कॅलामाइन, आणि डॉक्टरांना विचारून रात्री खाजेची गोळी सेटिरिझिन १० मिलिग्रॅम. पुरळ सहसा ६ ते ८ आठवड्यांत आपोआप जातं. काळे डाग मात्र काही महिने रेंगाळतात, ते घासू नयेत.

तळहात-तळपायांवर चट्टे असतील तर सिफिलिससाठी (लैंगिक संबंधातून पसरणारा आजार) व्हीडीआरएल ही रक्ततपासणी करायलाच हवी. घसा दुखून गेल्यावर चंदेरी पापुद्र्याचे ठिपके आले तर सोरायसिसचा विचार करतात. गरोदर बाईने, विशेषतः पहिल्या १५ आठवड्यांत, लगेच दाखवावं, कारण त्या काळात गर्भपाताचा धोका सांगितला जातो.