गाओकाओचे इंग्रजी उतारे: सोडवा कमी, उलगडा जास्त

चीनमध्ये गाओकाओ, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा, दरवर्षी 7 जूनला सुरू होते आणि इंग्रजीचा पेपर 8 तारखेला दुपारी असतो. 120 मिनिटं, 150 गुण. नव्या राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेत त्यातले 50 गुण वाचनाला आहेत. ‘ए’ ते ‘डी’ असे चार उतारे आणि त्यांवर चार पर्यायांचे 15 प्रश्न असतात. पाचव्या उताऱ्यात पाच वाक्यं गाळलेली असतात आणि खाली दिलेल्या सात वाक्यांतून ती निवडायची असतात. प्रत्येक प्रश्नाला 2.5 गुण. बीजिंग, त्येनजिन आणि शांघायच्या प्रश्नपत्रिका वेगळ्या असतात. पुढची पद्धत राष्ट्रीय पेपरला धरून आहे, पण उताऱ्यांचं काम सगळीकडे तेच असल्यामुळे चिनी मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या कोणालाही ती वापरता येईल.

गाओ सानच्या, म्हणजे उच्च माध्यमिकच्या शेवटच्या वर्षाच्या वर्गात प्रश्नसंचांचा रतीब चालू असतो. तिथे त्याला शुआती म्हणतात. मुलं रोज चार-चार उतारे सोडवतात, उत्तरं ताडून पाहतात, चुकलेल्यावर लाल खूण करतात आणि पुढचा संच उघडतात. गुण मात्र जागचे हलत नाहीत. कोणता प्रश्न चुकला एवढंच कळतं, तो का चुकला याचा पत्ता लागत नाही. एका उताऱ्याला सात मिनिटं लागत असतील तर त्याच्या चिरफाडीला वीस मिनिटं द्या. त्यापायी उताऱ्यांची संख्या निम्म्यावर आली तरी चालेल.

आधी दुखणं कुठे आहे ते पाहा

20 प्रश्नांचा पूर्ण वाचन विभाग घ्या. पहिल्यांदा घड्याळ लावून 35 मिनिटांत काळ्या पेनाने सोडवायला सांगा. मग उत्तरं न सांगता तोच विभाग पुन्हा, वेळेचं बंधन न घालता, निळ्या पेनाने. तिसऱ्यांदा हातात शब्दकोश देऊन हिरव्या पेनाने. 35 मिनिटांचा हिशेब असा: श्रवणाला सुमारे 20 मिनिटं जातात, लेखनाच्या दोन प्रश्नांना 40 गुण असल्याने तिथे 40 मिनिटं हवीतच, रिकाम्या जागांच्या दोन प्रश्नांना पंचवीसएक मिनिटं लागतात. उरतात ती वाचनाची.

निळ्या पेनाने गुण एकदम वाढले तर अडचण वेगाची आहे. हिरव्याने वाढले तर शब्दसंपत्तीची. शब्दकोश हाती असूनही तीच उत्तरं चुकत असतील तर लांब वाक्यांची बांधणी कळत नाही किंवा पर्याय पारखता येत नाहीत. या तिसऱ्या गटातल्या मुलांना आणखी शब्दयाद्या पाठ करायला लावणं म्हणजे त्यांचा वेळ वाया घालवणं आहे, आणि नेमकं तेच सर्रास होतं.

लांब वाक्य फोडणं

सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्या. चिनी भाषेत क्रियापदाचं रूप काळानुसार बदलत नाही आणि वर्णन नामाच्या आधी येतं. आपणही ‘रस्त्यालगत राहणारे पक्षी’ म्हणतो, त्यामुळे ही अडचण मराठी माणसाला चटकन समजेल. इंग्रजीत हेच वर्णन नामाच्या मागून येतं. मूल ‘पक्षी’ वाचून पुढे जातं, मग वर्णन भेटतं, ते जोडायला नजर पुन्हा मागे वळते. एका ओळीत तीनदा असं झालं की वेळही जातो आणि धागाही सुटतो.

सरावासाठी हे वाक्य घ्या: ‘रिसर्चर्स हू स्टडीड द बर्ड्स फाउंड दॅट दोज लिव्हिंग निअर बिझी रोड्स सँग अ‍ॅट अ हायर पिच दॅन दोज इन द फॉरेस्ट.’ कच्चं मूल ‘स्टडीड’ला मुख्य क्रियापद समजतं आणि ‘फाउंड’पाशी अडकतं.

आधी काळ दाखवणाऱ्या क्रियापदांना गोल करायला सांगा: स्टडीड, फाउंड, सँग. ‘लिव्हिंग’ला गोल नाही, कारण ते एकटं काळ दाखवत नाही. मग उपवाक्य उघडणाऱ्या शब्दांना चौकोन: हू, दॅट. क्रियापदं तीन, उघडणारे शब्द दोन. ‘हू’च्या वाट्याला ‘स्टडीड’ आणि ‘दॅट’च्या वाट्याला ‘सँग’ जातं, उरलेलं ‘फाउंड’ हे मुख्य क्रियापद. नियम असा की क्रियापदं उघडणाऱ्या शब्दांपेक्षा एकाने जास्त असतात. हिशेब जुळला नाही तर दोन शक्यता तपासा: ‘द बुक आय बॉट’सारखा जोडशब्द गाळलेला असेल (दोन नामं किंवा नाम आणि सर्वनाम शेजारी-शेजारी दिसतील), किंवा भूतकाळासारखा दिसणारा शब्द खरं तर विशेषण म्हणून आला असेल. ‘अँड’ने जोडलेली दोन क्रियापदं एकच धरा.

त्यानंतर तिरप्या रेघांनी वाक्याचे तुकडे पाडा आणि तुकड्यातुकड्याने, मागे न वळता वाचायला लावा. ‘दोज’ दोनदा आलंय, दोन्ही ठिकाणी ते कोणाबद्दल आहे हे बाण काढून दाखवायचं. शेवटी वाक्य झाकून त्याचा आशय एका ओळीत चिनीत लिहायचा. शब्दाला शब्द लावून भाषांतर केलेलं चालणार नाही.

दिवसाला अशी तीन वाक्यं पुरेत. ती सोडवलेल्या उताऱ्यांतूनच काढा.

‘ऑलदो’कडेही लक्ष द्या. चिनीत ‘जरी’ला ‘पण’ची जोड असते, जशी आपल्याकडे ‘जरी–तरी’ची. इंग्रजीत एकटं ‘ऑलदो’ येतं आणि पुढे नुसता स्वल्पविराम. मूल ‘बट’ची वाट पाहत राहतं आणि लेखकाचं मत जिथे वळतं ती जागा निसटते. लेखकाची भूमिका विचारणारे प्रश्न पुष्कळदा याच वळणावर काढलेले असतात.

उतारा वाचायचा क्रम

‘ए’ उतारा बहुधा सूचना, जाहिरात, शिबिराची किंवा संग्रहालयाची माहिती असा असतो. तो ओळीने वाचू नये. तिन्ही प्रश्न आधी वाचून तारीख, शुल्क, वयाची अट अशी नेमकी जागा शोधायची. चार ते पाच मिनिटांत तो संपायला हवा. इथे वाचलेला वेळ ‘डी’ला लागतो. ‘बी’ अनेकदा एखाद्या माणसाची हकिकत असते, ‘सी’ आणि ‘डी’ विज्ञान, तंत्रज्ञान किंवा समाजावरचं विवेचन.

या तिन्हींसाठी फक्त प्रश्न आधी वाचा, पर्याय वाचू नका. चारपैकी तीन पर्याय चुकीचे असतात. ते आधी डोक्यात गेले की मूल उताऱ्यात तेच शोधू लागतं. प्रश्नांवर अर्धा मिनिट, मग उतारा एका दमात. वाचताना प्रत्येक परिच्छेदाशेजारी चार-पाच शब्दांत त्याचं काम लिहायचं: प्रयोग कसा केला, निष्कर्ष, दुसऱ्या तज्ज्ञाची शंका. परकी नावं आली की मुलं बावरतात. नावाचं पहिलं अक्षर गोल करून पुढे जायची सवय लावा, उच्चारात अडकू देऊ नका.

प्रश्नांचा क्रम बहुतेक वेळा उताऱ्याच्या क्रमानेच असतो. शीर्षक किंवा मुख्य आशय विचारणारा प्रश्न आला तर तो शक्यतो शेवटी असतो.

पर्याय पारखणं

वरच्याच वाक्यावर प्रश्न काढू: रस्त्यालगतच्या पक्ष्यांबद्दल संशोधकांना काय आढळलं? समजा पर्याय असे आहेत:

अ. जंगलातले पक्षी त्यांच्यापेक्षा चढ्या पट्टीत गातात.
ब. ते जंगलातल्या पक्ष्यांपेक्षा जास्त वेळ गातात.
क. वाहनांच्या आवाजात त्यांना एकमेकांचं गाणं ऐकू येत नाही.
ड. रहदारीजवळ त्यांच्या गाण्याची पट्टी चढलेली असते.

‘अ’मध्ये सगळे शब्द उताऱ्यातलेच आहेत, फक्त एकाचा गुण दुसऱ्याला चिकटवलाय. चिनी शिक्षक याला ‘चांगची टोपी लीच्या डोक्यावर’ म्हणतात. ‘ब’मध्ये पट्टीच्या जागी वेळ आणून मुद्दाच बदलला. ‘क’ ऐकायला पटतं, पण उताऱ्यात ते कुठेच नाही. हुशार मुलं इथे फसतात, कारण त्यांना विषयाची बाहेरची माहिती असते. ‘ड’मध्ये उताऱ्यातले शब्द बदललेत, अर्थ मात्र तोच ठेवलाय. बरोबर पर्याय बहुतेक असाच दिसतो. उताऱ्यातली पदं जशीच्या तशी उचललेल्या पर्यायाकडे म्हणूनच दोनदा पाहायचं. शीर्षकाच्या प्रश्नात आणखी एक सापळा असतो, एका गोष्टीवरून सगळ्यांबद्दल विधान करण्याचा: ‘शहरं पक्ष्यांची गाणी बदलतात’.

चिरफाडीच्या वीस मिनिटांतला मोठा भाग यासाठी ठेवा. प्रत्येक प्रश्नाचा पुरावा असलेली ओळ अधोरेखित करून शेजारी प्रश्नाचा क्रमांक लिहायचा, आणि तिन्ही चुकीच्या पर्यायांसमोर ते का चूक हे दोन-तीन शब्दांत लिहायचं. बरोबर आलेल्या प्रश्नांचंही करायचं, कारण त्यातली काही उत्तरं अंदाजाने आलेली असतात. ‘सगळ्यात लांब पर्याय बरोबर’, ‘ओन्ली किंवा ऑलवेज असेल तर चूक’ असल्या युक्त्या मुलांना शिकवू नयेत. पुरावा शोधायची सवय एकदा मोडली की पुन्हा लागायला महिने जातात.

शब्द

अभ्यासक्रमाच्या यादीत सुमारे 3000 शब्द आहेत आणि मुलं ते अकारविल्हे घोकतात. उताऱ्यात अडवतात ते बऱ्याचदा ओळखीचेच शब्द, अनोळखी अर्थाने आलेले. ‘अ‍ॅड्रेस’ म्हणजे पत्ता हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण ‘अ‍ॅड्रेस अ प्रॉब्लेम’ दिसलं की वाक्य कोसळतं. ‘चॅम्पियन’ क्रियापद म्हणून, ‘सीझन’ स्वयंपाकाच्या संदर्भात, हेही तसेच. वहीत अशा शब्दांना वेगळं पान द्या आणि शब्दासोबत पूर्ण वाक्य लिहून घ्या. शब्दाचा अर्थ विचारणाऱ्या प्रश्नात आपण निवडलेला पर्याय त्या शब्दाच्या जागी ठेवून आधीचं, ते आणि नंतरचं अशी तीन वाक्यं वाचायची.

सातांतून पाच

इथे एक चूक दुसरीला ओढून आणते, कारण चुकीच्या जागी बसवलेलं वाक्य कुठल्या तरी दुसऱ्या जागेचं उत्तर असू शकतं. आधी रिकाम्या जागेचं स्थान पाहा. परिच्छेदाचं उपशीर्षक असेल तर बाकीच्या उपशीर्षकांसारखीच रचना हवी: ती आज्ञार्थी असतील तर हेही आज्ञार्थी. सुरुवातीची जागा असेल तर पुढच्या वाक्यांना पोटात घेणारं वाक्य लागतं, शेवटची असेल तर आधीच्याचा परिणाम किंवा निष्कर्ष. मधल्या जागेसाठी ‘दिस’, ‘दे’, ‘हाउएव्हर’, ‘फॉर एक्झाम्पल’ यांचे धागे दोन्ही बाजूंना जुळले पाहिजेत. फक्त मागचं वाक्य पाहून उत्तर देणं ही इथली नेहमीची चूक. पाचही जागा भरल्यावर उरलेली दोन वाक्यं प्रत्येक जागी बसवून पाहायची. एखादं बरं बसलं तर कुठेतरी गडबड आहे.

आठवड्याचा बेत

गाओ यीला, म्हणजे उच्च माध्यमिकच्या पहिल्या वर्षाला, आठवड्यात दोन उतारे पुरे. त्या वर्षी सोप्या भाषेतली इंग्रजी पुस्तकं जितकी वाचून होतील तितकी चांगली, पानावर अनोळखी शब्द चार-पाचाहून जास्त नसावेत. गाओ अरला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला, चार उतारे आणि एक सातांतून पाच. गाओ सानला रोज दोन उतारे, आणि आठवड्यातून एकदा 35 मिनिटांचा पूर्ण विभाग, शक्यतो दुपारी, कारण परीक्षेची वेळ तीच आहे. शाळेत सकाळी मोठ्याने वाचनाचा तास असतो. त्यात शब्दयादीऐवजी आदल्या दिवशी फोडलेला उतारा तुकड्यातुकड्याने वाचायला द्या.

चुकांच्या वहीत अख्खे उतारे कापून चिकटवण्यात संध्याकाळच्या संध्याकाळी जातात आणि ती वही पुन्हा उघडली जात नाही. चार रकाने पुरतात: प्रश्न, पुराव्याची ओळ, चुकीचा पर्याय का भावला, सापळ्याचा प्रकार. आठवड्याने आणि मग तीन आठवड्यांनी उत्तर झाकून तोच प्रश्न सोडवायचा. एकच प्रकार पुन्हा पुन्हा दिसला तर पुढच्या आठवड्याचे उतारे त्यासाठी निवडा.

खऱ्या परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका गाओ अरमध्येच संपवू नका. बाजारातल्या सराव संचांत दोन पर्याय सारखेच पटणारे निघतात आणि मुलांचा पुराव्यावरचा विश्वास उडतो. खऱ्या पेपरचे पर्याय घासून-पुसून घेतलेले असतात. नव्या धर्तीचा पेपर 2020 मध्ये शानदोंग प्रांतात पहिल्यांदा वापरला गेला, तेव्हापासूनचे संच शेवटच्या तीन महिन्यांसाठी राखून ठेवा. ते सोडवताना उत्तरपत्रिकेच्या चौकटी 2बी पेन्सिलने प्रत्येक उतारा संपल्यावर लगेच भरायला लावा. शेवटी एकदम भरताना एक रांग सरकली की पुढची सगळी उत्तरं सरकतात.