जुन्या चिऱ्याच्या घरात भाड्याच्या खोल्या करताना या चुका टाळा

गोव्यात फोंडा, डिचोली, पेडणे भागात जुन्या चिऱ्याच्या घरांत ६-८ महिन्यांच्या भाडेकरूंसाठी खोल्या पाडल्या जातात. काम बहुतेक एप्रिलमध्ये निघतं. भिंती तेव्हा ठणठणीत कोरड्या दिसतात आणि सगळ्यांत महाग चूक तिथेच होते: पॅनेल आणि कपाटं थेट भिंतीला ठोकणं.

चिरा म्हणजे जांभा दगड, आणि तो सच्छिद्र असतो. जमिनीतलं पाणी तो वर ओढतो आणि चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू बाहेर सोडतो. त्यावर एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) बसवलं की ही वाट बंद. जूनमध्ये कुबट वास सुटतो. जुलैत कपाटाच्या खालच्या कडा भिजलेल्या पावासारख्या फुगतात, बिजागरीचे स्क्रू भुशातून सुटतात आणि दार लोंबतं. चवथीच्या साफसफाईला पॅनेल काढावं तर मागे काळी बुरशी, पांढरा लोणा (क्षारांचा थर), आणि बोट लावताच गिलाव्याचा भुगा. मग कुणीतरी सिमेंटचं प्लास्टर सुचवतं. ते मुळीच करू नका. पाणी बाहेर पडू शकत नाही, म्हणून आणखी वर चढतं.

भिंत मोकळी ठेवा आणि तिला चुन्याचाच हात द्या. कपाट भिंतीपासून ३ इंच पुढे, ४ इंचांच्या पायांवर उभं करा. प्लायवूड आयएस ७१० चंच (पाण्यात टिकणारं मरीन प्लाय) घ्या, कापलेल्या कडा सील करा. पार्टिशन ७ फुटांपर्यंत, वरून मोकळं. टोकाला २ फुटांचा काटकोनी वळसा दिला की ते स्वतःच्या पायावर उभं राहतं. वाशांना अडकवू नका, कौलारू छप्पर हलतं.

ओल किती चढते ते सुतार बोलावण्याआधी बघा. गेल्या पावसाची पिवळट रेषा, सोललेला रंग शोधा. पावसाळ्यात २ फूट चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून २ दिवस ठेवा. थेंब भिंतीकडच्या बाजूला आले तर ओल भिंतीतली, खोलीकडच्या बाजूला आले तर हवेतली. एवढे २ दिवस थांबायला लोक तयार नसतात, आणि पुढे दर पावसाळ्यात सुताराला पैसे मोजतात.

वायरिंगमध्ये घाई म्हणजे जिवाशी खेळ. २००० वॅटचा गिझर जवळपास ९ अँपिअर ओढतो आणि तो ६ अँपिअरच्या एक्स्टेन्शनवर लावलेला दिसतो. गिझर आणि एसीला मीटरपासून वेगवेगळी ४ चौरस मिमी तांब्याची वायर, १६ अँपिअरचा सॉकेट, २० अँपिअरचा एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. चिऱ्यात खाचा मारू नका. वायर झाकणारी केसिंग-पट्टी भिंतीवरून न्या. काम परवानाधारक वायरमनकडूनच.

जुन्या फरशीवर व्हिनाइल चिकटवू नका, चटई सुटी अंथरा.

माळ्यावर पलंग टाकण्याआधी तुळईचं भिंतीत शिरणारं टोक स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. तो सहज आत गेला तर लाकूड कुजलंय किंवा वाळवीने पोखरलंय. तुळई बदलेपर्यंत तिथे कुणाला झोपवू नका.