भयकथेचं परीक्षण लिहिताय? या चुका टाळा

परभणीच्या आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा सात-आठ जण जमतो. भयकथा, गूढकथा, रहस्यकथा, विज्ञानकथा असलं 'हलकं' वाचणारी मंडळी. (हलकं म्हणणाऱ्यांनी एक पान लिहून दाखवावं.) नवी पोरं हौसेनं परीक्षण लिहून आणतात आणि वर्षानुवर्षं त्याच त्या चुका करतात. दरवेळी तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

"भ्यावच वाटलं नाही"

मागच्या हिवाळ्यात जिंतूरकडचा एक पोरगा नारायण धारपांचा कथासंग्रह परत घेऊन आला. परीक्षण दीड ओळीचं: भाषा जुनी, भीती वाटत नाही. विचारलं, वाचलास कुठं? "एसटीत काका. येता येता उरकला." भर दुपार, खिडकीतून ऊन, कानात गाणी आणि तासाभरात अख्खा संग्रह! भयकथा म्हणजे काय बसस्टँडवरची भजी आहेत, उभ्या उभ्या संपवायला?

अंगावर काटा ज्या पानावर येतो, त्या पानावर लेखकानं फारसं काही केलेलं नसतं. पेरणी चार-पाच पानं आधीच झालेली असते. माडीचं दार ओढून घ्यावं लागतं, हे कुणीतरी सहज बोलून गेलेलं असतं. म्हातारीच्या खोलीत कुणी झाडू मारत नाही, हे अर्ध्या वाक्यात आलेलं असतं. घाईनं वाचणारा नेमकी हीच वाक्यं गाळतो. मग भूत दारात उभं राहिलं तरी त्याला तो पाहुणाच वाटतो.

माझी सवय सांगतो. जुनी एसटी तिकिटं जवळ ठेवायची. काटा आला की त्या पानात तिकीट. गोष्ट संपल्यावर तिथून चार पानं मागं जायचं आणि लेखकानं कुठं काय लपवलं ते हुडकायचं. लिहिण्यासारखं सगळं तिथं सापडतं. काटा आलाच नाही, तर का नाही आला? भूत फार लवकर दाखवलं? की त्याला काय जमतं आणि काय जमत नाही, हे ठरवलंच नाही? वाट्टेल ते करू शकणाऱ्या भुताची भीती टिकत नाही; सुटायची वाटच नसेल तर जीव टांगणीला कशाला लागेल?

त्या पोराला तोच संग्रह परत दिला. त्यांच्या शेताला रातची लाईट असते. म्हटलं, शेतातल्या आखाड्यावर पाण्याची मोटार चालू करून बसशील तेव्हा वाच, आणि एका रात्री एकच कथा. पुढच्या महिन्यात दीड ओळीची दोन पानं झाली होती. एक कथा मात्र आखाड्यावर अर्धी टाकून घरी आईजवळ बसून पुरी केली, हे त्यानं लिहिलं नव्हतं, मला हळूच सांगितलं. अरे, तेच लिही की!

मूळ कुठलं, हे न बघता ठोकून देणं

ही चूक माझी स्वतःची आहे. 2018 मध्ये 'तुंबाड' बघून आलो आणि त्याच रात्री लिहिलं, 'श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवर बेतलेला चित्रपट.' नाव सारखं, एवढाच पुरावा. बैठकीत वाचूनही दाखवलं. ग्रंथपाल मॅडम काही बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि 'तुंबाडचे खोत'चे दोन जाडजूड खंड आणून माझ्यापुढं ठेवले. "यात तो चित्रपटातला राक्षस हस्तर कुठल्या पानावर आहे, तेवढं दाखवा." नव्हताच. पेंडशांकडून घेतलं ते नाव. गोष्टीमागं प्रेरणा होती धारपांच्या 'आजी' या कथेची. मी दोन्ही वाचलेलं नव्हतं. 2024 मध्ये चित्रपट पुन्हा लागला, तेव्हा एका पोरीनं हेच वाक्य लिहून आणलं. मी गुपचूप उठलो आणि खंड आणायला आत गेलो.

याचं दुसरं टोक म्हणजे 'चोरी, चोरी' म्हणून बोंब मारणं. धारपांची 'लुचाई' ही कादंबरी स्टीफन किंगच्या 1975 च्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली, एवढं कळलं की परीक्षण संपलं! अमेरिकन गावातला रक्तपिपासू मराठीत आणताना क्रूस, चर्च आणि पाद्री यांच्या जागी काय येतं, ते पटतं का, हे दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून बघावं लागतं. आठवडा जातो. म्हणून कुणी करत नाही.

बाकीच्या फुटकळ

गूढकथेत भूत नाही म्हणून रुसू नका. ते असायलाच पाहिजे असा करार नसतो.

मुंजा, चकवा, देवचार यांना एकाच दावणीला बांधू नका. पिंपळावरचा मुंजा मुंज होऊन सोडमुंजीआधी मेलेला पोर, चकवा वाट चुकवणारा, आणि कोकणातला देवचार तर गावाचा राखणदार.

मोबाईलकडून लिहून घेतलेलं परीक्षण मला पहिल्या ओळीत कळतं. त्यात कुणीच घाबरलेलं नसतं.

आणि रहस्य फोडू नका. आमच्याकडच्या एका जुन्या रहस्यकथेत बाराव्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय, 'खुनी डॉक्टर.' मी शेवटपर्यंत त्या डॉक्टरावर डोळा ठेवून होतो. निघाला मुनीम. म्हणजे त्या गृहस्थानं फोडलं तर फोडलं, तेही अर्धं पुस्तक वाचून.