सत्र सुरू होण्याआधीची तयारी

सत्राच्या दोन आठवडे आधी विद्यापीठाचं शैक्षणिक वेळापत्रक आणि आपल्या विभागाची नियमावली डाउनलोड करून ठेवा. तारखा एकात असतात, अटी दुसऱ्यात, म्हणून दोन्ही लागतात. नावनोंदणी बंद होण्याची, फी भरण्याची, विषय बदलण्याची आणि परीक्षा अर्जाची, अशा चार शेवटच्या तारखा फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि रिमाइंडर तीन दिवस आधीचा लावा. शेवटच्या दिवशी पोर्टल अडकतं, पैसे कापले जातात पण पावती येत नाही, आणि दुरुस्तीला वेळ उरत नाही. असं झालं तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट घेऊन लेखी कळवा.

विषय निवडताना मित्रांनी काय घेतलं ते बाजूला ठेवा आणि पदवीच्या अटी शेवटच्या वर्षाकडून पहिल्याकडे वाचत या. शेवटच्या वर्षाच्या एखाद्या विषयाला आधीच्या वर्षाचा विषय पूर्वअट म्हणून लागतो आणि तो पुष्कळदा वर्षातून एकाच सत्रात शिकवतात. तो हुकला की पुढचं अख्खं वर्ष सरकतं. तासांच्या वेळा जुळतात का हे सगळे पाहतात. प्रॅक्टिकल, ट्युटोरियल आणि परीक्षेच्या वेळा पाहायच्या राहून जातात. लागोपाठचे दोन तास वेगवेगळ्या इमारतींत असतील तर ते अंतर एकदा चालून बघा. जागा भरल्या तर हाताशी असावा म्हणून एक पर्यायी विषयही ठरवून ठेवा.

क्रेडिटचं गणित नीट समजून घ्या, कारण विषय कितीही सोपा वाटला तरी सरासरी क्रेडिटच्या वजनानेच निघते. समजा ४ क्रेडिटच्या विषयात ६ ग्रेड पॉइंट मिळाले आणि २ क्रेडिटच्या विषयात ९. साधी सरासरी ७.५ येते, पण विद्यापीठ (४×६ + २×९) ÷ ६ असं मोजतं आणि हाती ७ येतात. अभ्यासाचे तासही याच प्रमाणात वाटा. युरोपच्या ईसीटीएस पद्धतीत १ क्रेडिट म्हणजे वर्ग आणि घरचा अभ्यास मिळून २५ ते ३० तास धरतात. आपल्या विद्यापीठाचा आकडा नियमावलीत सापडेल. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांनी तर तो आधी पाहावा आणि मगच विषयांची संख्या ठरवावी.

पहिल्या आठवड्यात प्रत्येक विषयाची रूपरेषा मिळते. ती फक्त पुस्तकांच्या नावांसाठी वाचू नका. गुण कशाकशाला किती, उशिरा दिलेल्या असाइनमेंटचे किती कापतात, चाचणी चुकली तर पुन्हा देता येते का, हे शोधा. मग सगळ्या विषयांच्या तारखा एकाच कागदावर आठवड्यांनुसार मांडा. या सगळ्या तयारीत जास्तीत जास्त उपयोगी पडतो तो हाच कागद, असं आमचं मत आहे. प्रत्येक प्राध्यापक आपल्यापुरतं नियोजन करतो, त्यामुळे सातव्या किंवा आठव्या आठवड्यात दोन चाचण्या आणि एक अहवाल हमखास एकत्र येतात. हे आधीच दिसलं तर अहवाल पाचव्या आठवड्यातच हातावेगळा करता येतो. हजेरीचा हिशेबही तिथेच लिहा: ४० तास आणि ७५ टक्क्यांची अट असेल तर १० तास चुकवता येतात, पण ते आजारपणासाठी राखून ठेवा.

ग्रंथालयाचं कार्ड आणि पोर्टलचा पासवर्ड पहिल्या दोन दिवसांत चालू करून घ्या. नेमलेल्या पुस्तकांच्या प्रती मोजक्याच असतात. परीक्षेच्या तोंडावर शेल्फ रिकामं झालेलं असतं.

प्राध्यापकांना ईमेल करताना विषयाच्या ओळीतच कोर्स कोड, तुकडी, रोल नंबर आणि काम लिहा. शेकडो मुलांना शिकवणाऱ्या माणसाला ‘सर, एक शंका होती’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. भेटीच्या वेळा पहिल्या महिन्यात बऱ्याचदा रिकाम्या जातात, म्हणून तेव्हाच जा आणि वहीत कुठे अडलंय ती ओळ दाखवा.

शेवटी कागदपत्रं. ओळखपत्र, आधीची गुणपत्रिका आणि पोर्टल या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर ताडून पाहा. फरक असेल तर परीक्षा अर्जाआधी दुरुस्तीचा अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.