डाय साफ करायला बसण्याआधी

काडतुसं घरी भरताना रिकाम्या पितळी कवचाला (त्याला ब्रास म्हणतात) आकार देणारा किंवा त्यात बुलेट बसवणारा साचा म्हणजे डाय. तो साफ करायचा तर पहिलं काम टेबल रिकामं करण्याचं. पावडरचे (बंदुकीच्या दारूचे) डबे, प्रायमरच्या (काडतुसाच्या बुडाशी बसणाऱ्या, ठोक्याने पेटणाऱ्या टोप्यांच्या) डब्या, भरलेली काडतुसं, पावडर मोजून देणाऱ्या मेझरच्या हॉपरमध्ये तळाशी राहिलेली पावडर, यातलं काहीही समोर नको. हॉपरमधली पावडर तिच्याच मूळ डब्यात परत जाते. ती कोणती आहे याची जराही शंका असेल, तर ती पुन्हा वापरात घ्यायची नाही. डाय बसवतो त्या प्रेसच्या, ब्रास धरणाऱ्या शेलहोल्डरमध्ये हात घालून बघा, खालचा ट्रे उपडा करा, फरशीवरून नजर फिरवा. डाय हे पोलादाचं मुकं नळकांडं आहे, ते कुणाचं काही वाईट करत नाही. धोका असतो तो आजूबाजूला राहून गेलेल्या एखाद्या जिवंत प्रायमरचा, सॉल्व्हंटच्या वाफेचा आणि बोटांना लागलेल्या शिशाचा. माझी यादी म्हणूनच डायच्या आधी सुरू होते आणि डाय डब्यात गेल्यावरही थोडी चालू राहते.

मी भोसरीच्या एका टूलरूममध्ये शिकलो. आता विस्कॉन्सिनमध्ये राहतो. इथे हरणाच्या शिकारीचा बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या सणाच्या) आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो, म्हणून ऑक्टोबरातच डाय उघडून बसतो. इथे आपली काडतुसं घरी भरणं हा कायदेशीर छंद आहे. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, तेव्हा हे सगळं इथल्या गॅरेजपुरतं आहे.

जागा निवडताना सगळ्यात जास्त विचार करा. बहुतेकांचं बेंच तळघरात असतं, आणि तळघरातच घर तापवणारी भट्टी नि गॅसचा वॉटर हीटर असतो. मिनरल स्पिरिट, अल्कोहोल, ब्रेक क्लीनर या सगळ्यांची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली बसते, फरशीवरून सरपटत जाते आणि हीटरच्या ज्योतीपर्यंत पोचते. म्हणून हे काम गॅरेजचं शटर वर करून किंवा अंगणात करायचं, थंडी असली तरी. मी बिनवासाचं मिनरल स्पिरिट वापरतो, वाटीभर पुरतं. वास नाही म्हणून वाफ नाही असं मात्र नसतं. क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर मी घरात आणतच नाही. त्याची वाफ मुळात वाईट, आणि तापलेल्या धातूशी किंवा ज्योतीशी गाठ पडली तर तिच्यातून फॉस्जीनसारखा विषारी वायू होऊ शकतो. अल्ट्रासोनिक मशीन असेल तर त्यात पाणी आणि साबणाचंच द्रावण घाला, पेटणारं सॉल्व्हंट कधीच नाही.

आता हातांचं. वापरलेल्या प्रायमरची राख म्हणजे बऱ्याचदा शिशाची राख, कारण नेहमीच्या प्रायमरमध्ये लेड स्टिफनेट असतं. साइझिंग डाय वापरलेलं ब्रास पुन्हा मापात आणतो; त्यातल्या पिनने जुना प्रायमर बाहेर पडतो तेव्हा ती राख डायच्या तोंडाशी आणि पिनवर बसते. कापसाची काडी आत फिरवून बाहेर काढली की टोकाला राखाडी-काळं कडं दिसतं, तेच ते. नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा हवाच. चहाचा कप त्या टेबलावर नको. फुंकर मारायची नाही, कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, कोरडा झाडू फिरवायचा नाही. ओल्या फडक्याने टिपून घ्यायचं. घरात लहान मूल असेल तर हे दुप्पट पाळा. अमेरिकेच्या सीडीसीने (रोगनियंत्रण केंद्राने) २०२१ मध्ये मुलांच्या रक्तातल्या शिशाचा संदर्भ-आकडा डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅमवर आणला, इतक्या थोड्यावरही लक्ष ठेवायचं म्हणून.

सुटे भाग ठेवायला मी आमचा जुना सात वाट्यांचा मसाल्याचा डबा घेतलाय. एका वाटीत डायची बॉडी, दुसरीत लॉक रिंग (डायची उंची पक्की करणारी), मग डिकॅपिंग रॉड (जुना प्रायमर काढणाऱ्या पिनचा दांडा), पिन, एक्स्पांडर (ब्रासचं तोंड रुंद करणारा), सीटिंग स्टेम (बुलेट आत दाबणारा). उघडण्याच्या क्रमाने मांडले की बसवताना गोंधळ होत नाही. डब्याच्या झाकणावर लाल टेप लावून ठेवलाय. तो आता पुन्हा स्वयंपाकघरात जायचा नाही.

खोलण्याआधी मात्र मोजा. व्हर्निअरने लॉक रिंगपासून स्टेमच्या टोकापर्यंतचं माप घ्या, मार्करने बॉडीवर आणि रिंगवर मिळून एक रेघ ओढा, फोटो काढा. रिंगचा स्क्रू थेट आट्यांवर दाबत असेल तर त्याच्याखाली शिशाचा एक छर्रा टाकलेला बरा, आटे खराब होत नाहीत. हे आटे बहुतेक डायना एकच असतात, ७/८ इंच व्यास आणि इंचाला १४.

प्रत्यक्ष सफाईला नायलॉनचा ब्रश, कापसाच्या काड्या, जुन्या बनियनच्या चिंध्या एवढं पुरे. पोलादी ब्रश नको, आतल्या पॉलिशवर ओरखडे आले की ते प्रत्येक ब्रासवर उमटतात. कार्बाइडची रिंग असलेला डाय हातातून पडू देऊ नका, ती कठीण असते तशीच ठिसूळही. रायफलच्या साइझिंग डायला बऱ्याचदा ब्रासच्या खांद्याच्या (ते जिथे निमुळतं होतं त्या भागाच्या) उंचीवर एक बारीक भोक असतं, हवा निघून जायला. जुनं ल्यूब (ब्रासला लावायचं वंगण) आणि पितळेचा चुरा मिळून त्याचं बूच बनतं. मग आत कोंडलेलं ल्यूब ब्रासच्या खांद्यावर पोचा पाडतं. तांब्याच्या पातळ तारेने ते भोक मोकळं करा आणि उजेडाकडे धरून आरपार दिसतंय का बघा.

बुलेट बसवणाऱ्या सीटिंग डायकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. शिशाच्या ओतीव बुलेटवरचं मेण स्टेमच्या खोबणीत साचत जातं. एकदा माझी ९ मिलिमीटरची काडतुसं शंभराच्या अखेरीला वीस थाऊ (इंचाचे वीस हजारांश) आखूड निघाली. सेटिंगला मी हात लावलेला नव्हता. स्टेम काढला तर आत मेणाची कडक चकती. ९ मिलिमीटरच्या छोट्या ब्रासमध्ये बुलेट एवढी खोल गेली की दाब वाढतो. मी त्यातली एकही झाडली नाही. आता दर दोनशे बुलेटला स्टेम बाहेर काढून पुसतो.

डायमध्ये ब्रास अडकलेलं असेल तर सफाई थांबवा. त्यात जिवंत प्रायमर किंवा पावडर असण्याची शक्यता असेल तर ठोकणं, ड्रिल करणं, तापवणं यातलं काहीच करायचं नाही. डाय बाजूला ठेवून जाणत्याला विचारा.

धुऊन झाल्यावर पूर्ण कोरडं करा, बाहेरून तेलाचा हलका हात द्या. आतला तेलाचा अंश वापरण्याआधी पुसून काढायचा, नाहीतर तो प्रायमर आणि पावडरपर्यंत जातो. स्टेम मेणासकट सेट केलेला असेल तर स्वच्छ झाल्यावर काडतूस लांब येईल. म्हणून पावडर-प्रायमर नसलेलं एक ब्रास घेऊन बुलेट बसवून बघा, मोजा, पुन्हा सेट करा. पुढची पहिली पाचही मोजायची. ते माप तारखेसह मास्किंग टेपवर लिहून मी डायच्या डब्याला चिकटवतो.

ओल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. बाहेर पसरून वाळवा, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. मी त्या आणि उरलेलं स्पिरिट काउंटीच्या क्लीन स्वीपच्या (घातक कचरा गोळा करण्याच्या) दिवशी नेऊन देतो. हातमोजे उलटे करून काढायचे, हात साबण-पाण्याने चोळून कोपरापर्यंत धुवायचे. सॅनिटायझरने शिसं निघत नाही. शर्ट वेगळा धुवायला टाकायचा, बूट दाराबाहेर, आणि मग आत जाऊन लेकीला उचलून घ्यायचं.